‘उत्तर नाही’ म्हणणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसातल्या बाई फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणायच्या नाहीत. ‘बोला, नाशिक’ म्हणायच्या. पलीकडे सख्खी बहीण असो, गॅसवाला असो, नाहीतर परदेशातलं गिऱ्हाईक असो, सगळ्यांना नाशिकच. आवाज असा खणखणीत की कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून खाली झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं. नंतर कळलं की बाई आयुष्याची निम्मी वर्षं ट्रंक ऑपरेटर होत्या.

मोबाइलच्या पिढीला हे सांगावं लागतं. पूर्वी परगावी फोन करायचा तर तो ऑपरेटरकडे नोंदवायचा आणि बसून राहायचं. लाईन मिळाली की ऑपरेटर जोडून द्यायची. नाही मिळाली तर तिनं परत फोन करून सांगायचं, ‘पार्टी उत्तर देत नाही.’ बाईंच्या मते नोकरीतलं सगळ्यात मोठं काम ते शेवटचं. जोडून काय, कुणीही देतं. वाट पाहणाऱ्याला ‘नाही’ म्हणून कळवायचं, ही खरी ड्युटी. डायल करून थेट फोन लागायला लागले तसं ते खातं आटलं. बाई काही वर्षं चौकशीच्या खिडकीवर बसल्या, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पंचेचाळिशीत कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसल्या. वर्गातली पोरं त्यांना आजी म्हणायची. त्या पहिल्या आल्या.

फोनच्या दोन्ही टोकांची माणसं म्हणजे ‘पार्टी’, म्हणून आम्हालाही सगळ्यांना त्या ‘पार्टी’ म्हणायच्या. मी खिडकीजवळची पार्टी. जागेवरून उठताना अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं सांगायच्या, ‘मी खाली जातेय. दहा मिनिटांत नाही आले तर लाईन धरून बसू नका.’ चहा सांगितला आणि वेळेत आला नाही तर टपरीवर फोन करायच्या, पण तगादा लावायला नाही. ‘आता नको. आमचं वाट पाहणं संपलं,’ एवढं सांगून ठेवून द्यायच्या. टपरीवाल्याला आधी हे अपमानाचं वाटायचं. पुढे पुढे तोच वर येऊन सांगायला लागला, ‘बाई, दूध संपलं, अर्धा तास तरी नाय व्हनार.’ बाईंचा चेहरा चहा मिळाल्यासारखा खुलायचा.

लग्नाच्या आमंत्रणांचं मात्र अवघड असायचं. आपल्याकडे पत्रिका हातात आली की ‘येणार, येणार, घरचंच कार्य’ म्हणायची पद्धत आहे. जायचं नसलं तरी म्हणायची. बाई पत्रिका वाचायच्या, तारीख पाहायच्या आणि समोरच्याच्या तोंडावर सांगायच्या, ‘मी येणार नाही. पान धरू नका.’ आमच्या अकाउंटंटची बायको त्यावरून वर्षभर बोलत नव्हती. बाईंना त्यात काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या मूळच्या सटाण्याच्या. एरवी अगदी शहरी बोलायच्या, पण चिडल्या की अहिराणी वर यायची. ‘शे का नही, तेवढं सांग!’ आहे की नाही, एवढंच त्यांना हवं असायचं. ‘बहुतेक’, ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ हे शब्द त्यांच्या समोर उच्चारायची सोय नव्हती. आणि दैव असं, की आमचे साहेब हे तीनच शब्द बोलायचे.

साहेब वयानं तिशीतले, पिंपळगावकडचे. माणूस मनानं लाख, पण ‘नाही’ म्हणताना जीभ अडायची. एकाच आठवड्यात तिघांना ‘तुमचं काम सोमवारी’ असं सांगून सोमवारी फोन बंद करून बसायचे. तरी बाईंचा त्यांच्यावर जीव होता. त्याला कारण होतं. क्लास झाल्यावर बाईंनी नाशिकमधली ऑफिसं पालथी घातली होती. सगळीकडे ‘कळवतो’ म्हणाले आणि कुणी कळवलं नाही. पन्नाशीला आलेल्या बाईला प्रोग्रॅमर म्हणून कोण घेणार? साहेबांनी घेतलं. बाई मला म्हणायच्या, ‘हे काम मला उशिरा सापडलं गं. टेलिफोन पोटासाठी केला. हे मला आवडतं. हे गेलं तर दुसरं कुणी देणार नाही, मला माहितेय.’ हे त्या रडक्या सुरात म्हणायच्या नाहीत. डबा खाता खाता, शेंगदाण्याच्या चटणीचा घास करताना म्हणायच्या.

आता ज्या गोष्टीवरून बाई ऑफिसात प्रसिद्ध होत्या ती सांगायला हवी. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी बरीच कामं चालवायची असली की प्रत्येक कामाला एकेक थ्रेड नेमतात. लग्नघरात एकीला पोळ्यांवर, एकाला पाण्यावर, एकाला पाहुणे आणायला नेमतात तसंच. मुख्य प्रोग्रॅम यजमान. तो प्रत्येकाची थोडा वेळ वाट पाहतो आणि वेळ संपली की पुढे निघतो. प्रश्न एवढाच की वेळ संपली आणि काम झालेलं नाही, हे यजमानाला कळणार कसं? आम्ही पायथन नावाच्या भाषेत काम करायचो. तिच्यात ह्याची उत्तरं जेवढी अवजारं तेवढी. एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप असतं; त्यापाशी वाट पाहिली आणि ते मिळालं नाही तर ते सरळ ‘नाही’ सांगतं. कामांच्या रांगेतून काही मागितलं आणि आलं नाही तर रांग आरडाओरडा करते, आणि तुम्ही कान दिला नाही तर काम बंद पाडते. ती रांग पुरती रिकामी होण्याची वाट पाहायची म्हटलं, तर किती वेळ पाहायची ते ठरवायची सोयच नाही. आणि थ्रेडची वाट पाहिली, वेळ संपली, तर काहीच होत नाही. काम झालं असलं तरी गप्प, झालं नसलं तरी गप्प. आपणच परत जाऊन विचारायचं, बाबा रे, तू अजून चालूच आहेस का?

हे बाईंना पहिल्यांदा कळलं त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही.

‘एका आईची पोरं ना ही?’ त्या मला विचारत होत्या, जणू मीच त्या पोरांना जन्म दिला होता. ‘थोरला सांगतो नाही म्हणून. दुसरा भांडी फेकतो. तिसरा दारात बसवून ठेवतो. आणि धाकटा मुकाट येऊन पाटावर बसतो, पास झाला का नापास झाला, तोंडावरून कळत नाही. वळण लावलं कुणी ह्यांना?’

नावांवरूनही त्यांचा संताप व्हायचा. काही नावं जुन्या धाटणीची, मधेच इंग्रजी कॅपिटल अक्षर असलेली. काही नवी, मधे खालची रेघ असलेली. एकाच कामाला दोन्ही नावं चालायची. ‘माहेरचं पण नाव, सासरचं पण नाव, आणि दोन्ही रेशनकार्डावर!’ बाई म्हणायच्या. आम्ही हसायचो. आम्हाला ह्याचं काही वाटत नव्हतं. भाषा आहे तशी शिकायची, काम करायचं, पगार घ्यायचा.

बाईंनी मात्र ती भाषा सांभाळणाऱ्या लोकांना मेल लिहिली. खात्यातल्या अर्जाची भाषा, ‘आपल्या कृपेची अपेक्षा ठेवून’ वगैरे सगळं इंग्रजीत. ऑफिसात चेष्टा झाली. आणि खरंच उत्तर आलं. कुणीतरी सभ्यपणे लिहिलं होतं, आपलं म्हणणं बरोबर आहे, पण आता बदललं तर जगभरचे जुने प्रोग्रॅम मोडतील, म्हणून बदलणार नाही. मला वाटलं बाई खट्टू होतील. त्या पेढे घेऊन आल्या. ‘नाही म्हणाले! कारण सांगून नाही म्हणाले!’ असं म्हणत त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर पेढा ठेवला. साहेबांच्या टेबलावर दोन.

हे सगळं आज मला आठवतं ते माझ्या कामामुळे. आता माझ्या हाताखाली मुलंमुली आहेत. त्यांचा कोड तपासताना कुणी थ्रेडची वाट पाहून, चौकशी न करता पुढे गेलेलं दिसलं की मी शेजारी लिहिते, ‘पार्टीला कोण सांगणार?’ त्यांना वाटतं मॅडमचं डोकं फिरलं. बाई आता सटाण्याला भावाच्या शेजारी राहतात. दिवाळीला मी फोन करते. पलीकडून आवाज येतो, ‘बोला, सटाणा.’ त्या आवाजानं मला त्या ऑफिसाचा वास येतो, गरम झालेल्या यूपीएसचा आणि चटणीचा. मी किती सुखात होते तेव्हा, आणि मला पत्ता नव्हता.

तर त्या ऑफिसात द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचं काम आलं तेव्हा साहेब नाचायचे बाकी होते. दिंडोरीच्या बाजूला त्यांच्या मामांनी पॅकहाउस बांधलं होतं. बागेतून आलेला माल निवडायचा, पेट्यांत भरायचा आणि थंड खोल्यांत ठेवायचा. सहा खोल्या होत्या आणि दर्शनी भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येक खोलीचं तापमान. प्रत्येक खोलीला एकेक थ्रेड. तो जाऊन खोलीतल्या यंत्राला तापमान विचारून यायचा. ठरल्या वेळेत आला नाही तर प्रोग्रॅम पुढे निघणार आणि पडद्यावर आधीचाच आकडा राहणार. पाहणाऱ्याला वाटणार, खोली गार आहे.

बाईंनी अर्थातच तिथे चौकशी घातली. थ्रेड वेळेत परतला नाही की त्या खोलीपुढे लाल अक्षरांत यायचं, ‘उत्तर नाही’. आणि तीन नंबरच्या खोलीची वायर कुठेतरी दबलेली होती, त्यामुळे ते लाल दिवसातून बऱ्याचदा यायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मामा पडद्यापुढे उभे राहिले. बाई आणि मी तिथेच होतो.

‘हे लाल काय हाय? उद्या पाव्हणे येनार, व्यापारी येनार. त्यांना काय, माझी खोली नापास झाली म्हनून दाखवू?’

‘नापास नाही,’ बाई म्हणाल्या. ‘उत्तर आलेलं नाही.’

‘पन खोली गार हाय ना?’

‘ते मला माहीत नाही. म्हणून तर तसं लिहिलंय.’

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, ‘बाई, एक दिवसाचा प्रश्न आहे. काढून टाका ना. परवा वायर बदलू, परत घालू.’

‘मी नाही काढणार,’ बाई म्हणाल्या.

‘बघू,’ साहेब म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दाराला झेंडूची माळ होती, आत सत्यनारायणाचा प्रसाद वाटणं चालू होतं आणि पडद्यावर सहाच्या सहा आकडे हिरवे होते. बाई खूश झाल्या. वायर बदलली वाटतं, म्हणाल्या. पाहुण्यांना खोल्या दाखवायला कामगार एकेक दार उघडत होते. दार उघडलं की बाहेरची ऊब आत शिरते, आकडा थोडा वर सरकतो, दार लावलं की उतरतो. बाई पाहत होत्या. तीन नंबरचं दार उघडलं, बायका आत जाऊन ‘अगं बाई, काय गार!’ करून बाहेर आल्या, दार लागलं. तीन नंबरचा आकडा जागचा हलला नाही.

साहेबांना थोडंफार प्रोग्रॅमिंग यायचं. चौकशीची ओळ त्यांनी स्वतःच काढली होती. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. साहेब एका पाहुण्याला पेढा भरवण्यात गढून गेले.

मग बाईंनी जे केलं ते मी अजून लोकांना सांगते आणि लोकांना वाटतं मी पदरचं घालते. त्यांनी माझी शाल मागून घेतली, स्वतःच्या शालीवर ती गुंडाळली, प्लास्टिकची एक क्रेट उलटी करून तीन नंबरच्या दाराशी मांडली. आत भिंतीला काचेचा थर्मामीटर टांगलेला होता. बाई दार किलकिलं करून आत जायच्या, बघून यायच्या, क्रेटवर बसायच्या आणि ट्रंक लाईनच्या आवाजात सांगायच्या:

‘खोली नंबर तीन. उत्तर आहे. दोन.’

प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू होतं. नाशिकच्या मातीबद्दल त्यांनी तोंड उघडलं की बाईंचा आवाज, ‘खोली नंबर तीन. उत्तर आहे. सव्वादोन.’ लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. मागच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुणे थबकले, मग हसून म्हणाले, ‘मॅडम, तुमचं चालू द्या,’ आणि पुढचं अर्धं भाषण त्यांनी बाईंच्या दोन आरोळ्यांमधल्या जागा बघून केलं. जेवणाची पंगत बसली तरी बाई क्रेटवरच. मी ताट नेलं तर म्हणाल्या, ‘इथंच दे. आत कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे.’ नाकाचा शेंडा लाल झाला होता.

गर्दी ओसरल्यावर मामा आले. ‘बाई, खोली तर गारच व्हती की. कशाला एवढं केलं?’

‘होती,’ बाई म्हणाल्या. ‘पण तुमच्या पडद्याला ते माहीत नव्हतं. तो नुसता म्हणत होता.’

 मामांनी वायर बदलून घेतली. लाल अक्षरंही परत आली. पण साहेबांना त्यांनी बजावलं, ही बाई माझ्या आवारात पुन्हा दिसायला नको, आणि माझं काम पाहिजे असेल तर तुझ्या हापिसातपण नको. हे साहेबांनी आम्हाला सांगितलं नाही. मामांच्या ड्रायव्हरनं सांगितलं, आणि ते बाईंच्याही कानावर आलंच असणार. मामांचं काम गेलं असतं तर ऑफिस बंद करावं लागलं असतं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

साहेब बाईंना काहीच म्हणाले नाहीत. नुसतं काम देणं थांबवलं.

बाई दहाला यायच्या, डबा खणात ठेवायच्या, केबिनच्या दारात उभ्या राहायच्या. ‘साहेब, काय काम?’ ‘येतंय बाई. बघू.’ बाई जागेवर बसायच्या. दुपार व्हायची, संध्याकाळ व्हायची. दुसऱ्या दिवशी परत ‘काय काम?’ असे आठवडे गेले. पगार व्हायचा, पण काम नाही. ज्या बाईच्या तोंडाला ऑफिसात खळ नव्हता ती पायथनची माहिती पुस्तिका वाचत बसायची, तीच ती पानं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एकदा जेवताना मी म्हटलं, ‘बाई, तुम्हीच सोडून द्या ना. किती दिवस अशा बसणार?’

‘का? कॉल त्यानं लावलाय. पार्टीला सांगायचं काम त्याचं.’

‘त्यांना नाही जमणार ते. तुम्हाला माहितेय.’

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग हळू आवाजात, त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, ‘आणि समजा तो ‘काम आहे’ म्हणाला तर? मी निघून गेले आणि मागून तो ‘आहे’ म्हणाला, तर मला कसं कळणार गं?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई तत्त्वासाठी बसल्या नव्हत्या. त्यांना ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

शेवटी एका दुपारी वीज गेली. यूपीएसही थोडा वेळ किंचाळून बसला. पंखे थांबले, पडदे काळे झाले आणि कुणालाच कशाच्या मागे लपता येईना. साहेब केबिनमधून बाहेर आले. बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बाई उठल्या.

‘बाई,’ साहेब म्हणाले आणि थांबले. आम्हाला वाटलं, बघू म्हणतील आणि परत आत जातील. ‘बाई, तुमच्यासाठी आता काम नाही. पुढे पण येणार नाही. मामांनी सांगितलंय, आणि मी त्यांचं मोडू शकत नाही. मला आधीच सांगायला पाहिजे होतं.’ कपाळावर घाम आला होता आणि डोळे भरले होते.

‘स्पष्ट ऐकू आलं,’ बाई म्हणाल्या. ‘धन्यवाद.’ आवाज अगदी लाईनवरचा, खणखणीत. मग त्यांनी साहेबांच्या दंडावर थोपटलं. ‘जमलं की तुला. आता गिऱ्हाइकांनाही असंच सांगत जा.’ खणातला डबा घेतला, छत्री घेतली, खोलीला सांगितलं, ‘मी निघते. धरून बसू नका,’ आणि गेल्या. 

मी मागोमाग धावले. बाई जिन्याच्या पहिल्या वळणावर, दोन मजल्यांच्या मधल्या जागेत कठडा धरून उभ्या होत्या. मला वाटलं चक्कर आली.

‘बाई, पाणी आणू?’

‘नको. बस जरा.’

आम्ही पायरीवर बसलो. डबा त्यांनी मांडीवर घट्ट धरला होता. खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. खालून झेरॉक्सवाला वर आला, आमच्याकडे पाहून काही न विचारता परत खाली गेला. मग बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

‘एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले, उत्तर नाही, उत्तर नाही. सांगून दुसरा कॉल घ्यायचे. तिकडे ऐकणाऱ्याचं काय होतं ते कधी कळलंच नाही मला,’ त्या म्हणाल्या. ‘सांगायला तर पाहिजेच गं. पण मी जरा हळू सांगायला हवं होतं.’